पंचवीस माणसांचे लग्न



कोरोनाची साथ आठवते ना? 2020 च्या मार्चात सगळे बंद झाले. दुसऱ्या जिल्ह्यात जायला ई-पास, म्हणजे परवाना लागे. तोंडाला मास्क हवा. हॉटेलात बसून चहासुद्धा 5 ऑक्टोबरपर्यंत बंद. आषाढीला माउलींच्या पादुका एस. टी. बसने पंढरीला गेल्या!

2021 च्या एप्रिलात पुन्हा लाट आली. सरकारचा हुकूम निघाला. लग्नाला 25 माणसे, दोन तासांत कार्य उरकायचे. मोडले तर 50,000 रुपये दंड. दोन तासांचे मला बरे वाटले. एरवी आपली लग्ने वेळेवर लागतात कधी?

त्याच महिन्याच्या अखेरीस माझ्या पुतणीचे लग्न होते. यादी करायला मला बसवले. थोरल्या आक्काचे नाव मी खोडले. तिचे वय सत्तरीपुढे, त्यात दमा. फोनवर ती म्हणाली, "माझ्या मांडीवर वाढली रं ती पोर. मलाच नगं म्हणतोस?"

मी काय बोलणार? हा रोग श्वासातून पसरतो. बोलताना, मंगलाष्टके म्हणताना बारीक थेंब हवेत जातात. जेवताना तर मास्क काढावाच लागतो. पंगतीत दाटी असते. ज्याला खोकलाही नाही, असा माणूससुद्धा रोग देऊन जातो. म्हाताऱ्यांना तो जास्त बाधतो. हे सारे तिला सांगितले. तिने फोन ठेवला.

2022 च्या गुढीपाडव्याला निर्बंध उठले. आक्काने पुतणीला, जावयाला जेवायला बोलावले. मीही गेलो. दारातच मला विचारले, "काय गुरुजी, आज तुमचं नाव यादीत हाय का, बघू का?"

मग पाट मांडला.