बुश आणि मॅकेन: किती जवळ, किती लांब?

मावळत्या नेत्याच्याच पक्षाचा माणूस मतं मागायला येतो, तेव्हा लोक आधी एकच विचारतात: हा जुन्याचीच री ओढणार का? 2008 साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांची दुसरी मुदत संपत आली होती आणि रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार होते जॉन मॅकेन. मॅकेन यांनी सेनेटमध्ये नव्वद टक्के वेळा बुश यांच्या बाजूने मत दिलं, हे त्यांचे प्रतिस्पर्धी बराक ओबामा सभांमधून सांगत होते. शेवटी 15 ऑक्टोबरच्या जाहीर चर्चेत मॅकेन यांनी ठणकावलं, की मी बुश नव्हे. त्यांच्याशी लढायचं होतं तर चार वर्षांपूर्वी उभं राहायचं होतं.

टक्केवारीवर माझा फारसा भरवसा नाही. सेनेटमधलं प्रत्येक मत सारख्या वजनाचं नसतं. बुश यांनी 2001 मध्ये हवामानबदलाबाबतचा क्योटो करार झिडकारला. मॅकेन यांनी 2003 मध्ये कार्बन उत्सर्जनाला मर्यादा घालणारं विधेयक मांडलं आणि ते 43 विरुद्ध 55 मतांनी पडलं. इराक युद्धाला मात्र दोघांचाही पाठिंबा. बुश यांच्या करकपातीला मॅकेन यांनी दोनदा विरोध केला होता, आणि उमेदवार झाल्यावर तीच करकपात कायम करू म्हणाले.

खरी कसोटी कैद्यांच्या छळाची. मॅकेन व्हिएतनाममध्ये साडेपाच वर्षं युद्धकैदी होते. तिथल्या मारहाणीनंतर त्यांचे हात डोक्यापर्यंत जात नसत. स्वतःचे केस विंचरणंसुद्धा अवघड. या माणसाने 2005 मध्ये कैद्यांना क्रूर वागणूक देण्यावर बंदी आणणारी दुरुस्ती मांडली. बुश सरकारचा विरोध असतानाही ती 90 विरुद्ध 9 मतांनी मंजूर झाली. हे धैर्य मी फार मोठं मानतो.

म्हणूनच पुढचं मत सलतं. चौकशीबाबतचे लष्कराचे नियम सीआयए या गुप्तचर संस्थेलाही लावणारं विधेयक फेब्रुवारी 2008 मध्ये आलं, तेव्हा मॅकेन यांनी विरोधात मत दिलं. छळाला कायद्याने आधीच बंदी आहे, सीआयएला थोडी मोकळीक हवी, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं नाही. पक्षातले प्रतिस्पर्धी मिट रॉम्नी आठवडाभर आधीच शर्यतीतून बाहेर पडले होते, उमेदवारी जवळजवळ हातात होती. मग ही तडजोड कशासाठी? मार्चमध्ये बुश यांनी त्याच विधेयकावर नकाराधिकार वापरला, आणि ज्या प्रश्नावर मॅकेन त्यांच्यापासून सर्वांत लांब उभे होते, त्याच प्रश्नावर ते त्यांच्या शेजारी येऊन बसले.