पित्ताशयातले खडे आणि घरचं जेवण

लग्नाचं जेवण झालेलं असतं. रात्री उजव्या बरगडीखाली कळ उठते, पाठीतून उजव्या खांद्याकडे सरकते, उलट्या होतात आणि दोन-तीन तासांनी सगळं आपोआप शांत होतं. गॅस झाला असेल म्हणून घरचे गोळी देतात. असं वारंवार झालं की कधीतरी सोनोग्राफी होते आणि पित्ताशयात खडे दिसतात.

यकृतात तयार झालेलं पित्त पित्ताशयात साठतं. जेवणातलं तेल-तूप लहान आतड्यात पोचलं की तिथून एक संप्रेरक सुटतं आणि पित्ताशय आवळलं जातं. खडा त्याच वेळी तोंडाशी अडकला की कळ येते. म्हणून तेल-तूप कमी करायचं. पण या पथ्यानं खडा विरघळत नाही. त्रास आटोक्यात राहतो, एवढंच. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन खडे पडतात, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. दुसऱ्या दिवशी शौचातून पडतात त्या हिरवट गोळ्या बहुधा त्या तेल-रसाच्याच, पोटात तयार झालेल्या असतात. खडे जागच्या जागी असतात. शिवाय एकदम एवढं तेल पोटात गेल्यानं कळ उठू शकते, म्हणून हा प्रयोग कृपा करून करू नका.

आता स्वयंपाकघरात येऊ. तेलाची बरणी तिरकी करून कढईत ओतायची सवय आधी सोडा. माणशी दिवसाला तीन लहान चमचे तेल धरलं, तर चौघांच्या घराला महिन्याला दोन लिटरसुद्धा लागत नाही. तुमच्या घरी किती पिशव्या येतात ते आठवून पाहा. आमटीला एक चमचा तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता छान तडतडतो. वांगं तळण्याऐवजी भाजून भरीत करा. भाकरी, मुगाचं वरण, दुधी, दोडका, साय काढलेल्या दुधाचं ताक, हे सगळं चालतं.

न दिसणारं तेल मात्र फसवतं. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मी चरबी असते आणि सुक्या खोबऱ्यात त्याहूनही जास्त. साबुदाण्याच्या खिचडीत मूठभर कूट पडलं की वरचं तूप न मोजताही तीन चमचे तेल पोटात गेलं.

उपासाचं तर वेगळंच सांगायला हवं. दिवसभर पोट रिकामं राहिलं की पित्त पित्ताशयात साचून दाट होतं. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत काही न खाता मग तूप घातलेले मोदक भरपेट खाणं या आजारात अगदी वाईट. तेल पूर्ण बंद करणं किंवा उपाशी राहून झपाट्यानं वजन उतरवणं हेही तसंच. त्यानं नवे खडे होतात. थोडं थोडं, वेळेवर खा.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती बाळंतिणींची. गरोदरपणात पित्ताशय मंदावतं, पित्तात कोलेस्टेरॉल वाढतं, खडे तयार होऊ शकतात. आणि बाळंतपणानंतर आपण मायेनं तिच्यापुढे तूप-खोबऱ्याचे डिंकाचे लाडू ठेवतो. तिच्या पोटात कळ आली तर बाळंतपणाचं दुखणं म्हणून सोडून देऊ नका. आजी-मावश्यांनो, लाडवाचा आग्रह थांबवा आणि तिची सोनोग्राफी करून घ्या.

कळ पाच-सहा तासांत थांबली नाही, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, तर पथ्यावर विसंबू नका. रात्र असली तरी रुग्णालय गाठा. खडे असून काहीच त्रास नसेल, तर बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. वारंवार कळ येत असेल तर मात्र शस्त्रक्रिया टाळू नये. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी 1990 मध्ये दुर्बिणीनं पित्ताशय काढलं. आज ही शस्त्रक्रिया जिल्ह्याच्या गावीही होते. पित्ताशय काढल्यावर पित्त थेट आतड्यात उतरतं. सुरुवातीचे काही आठवडे तळणीचं जपून खायचं. मग बहुतेकांना घरातल्या इतरांसारखं जेवता येतं.