कामठीचा दगड, नामिबियाची वाट

नागपुरातल्या जरीपटक्याहून कामठी काही लांब नाही. तिथल्या तांबूस-पिवळ्या वालुकाश्मात नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना एकोणिसाव्या शतकात जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे सापडले. ग्लोसोप्टेरिस या लुप्त झालेल्या वनस्पतीची पानं ती. असेच ठसे आफ्रिकेतही मिळतात. अशा खडकांना भूगर्भशास्त्रज्ञ मेडलिकॉट यांनी 1872 मध्ये आपल्या गोंडांच्या मुलखाचं नाव दिलं, आणि 1885 मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्युस यांनी भारत-आफ्रिकेला जोडणाऱ्या, गडप झालेल्या एका अखंड भूखंडाला म्हटलं गोंडवनालँड. तेव्हा नागपूरकर नामिबियाला निघाला, तर तो जुन्या भाऊबंदांकडेच निघाला म्हणायचा.

श्रोतेहो, हा भाऊबंद मात्र ऐसपैस आहे. महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा देश, आणि माणसं जेमतेम 30 लाख! राजधानी विंडहोकपासून खोरिक्सास साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे नागपूरहून छत्रपती संभाजीनगर गाठण्यासारखं. फरक एवढाच, की वाटेत चहाची टपरी नाही. म्हणून पंप दिसला की टाकी भरून घ्यायची, पाण्याचे कॅन गाडीत ठेवायचे आणि शक्य असेल तर एकाऐवजी दोन स्टेपन्या घ्यायच्या.

खोरिक्सासनंतर डांबर संपतं. पुढे मुरमाचा रस्ता, पन्हाळी पत्र्यासारखा खडबडीत. ताशी 80 च्या वर गेलं की मागचं चाक घसरू लागतं. समोरून गाडी येताना आधी धुळीचा लोट दिसतो आणि मग काचेवर खडे ताडताड आपटतात.

मे महिन्यातलं जरीपटक्याचं ऊन सोसलेल्या माणसाला इथल्या दिवसाचं काय वाटणार? रात्रीचं मात्र वाटतं. जून-जुलै हा तिकडचा हिवाळा. वाळवंटात पहाटे पारा शून्याजवळ जातो. स्वेटर न घेता गेलेला नागपूरकर तिथे फजीत होतो.

खोरिक्सासच्या पश्चिमेला सुमारे 40 किलोमीटरवर उघड्या माळावर झाडांचे ओंडके पडलेले दिसतात. सालीच्या रेघा, गाठी, वाढीची वलयं, सगळं जिथल्या तिथे. हात लावला की कळतं, हा दगड आहे. 26 ते 28 कोटी वर्षांपूर्वी पुरानं वाहत आलेली ही झाडं वाळू-गाळाखाली गाडली गेली आणि लाकडाची जागा हळूहळू सिलिकानं घेतली. शेजारीच वेल्विट्शिया नावाची वनस्पती पसरलेली असते. जन्मभर दोनच पानं, वाऱ्यानं फाटून चिंध्या झालेली. आयुष्य मात्र हजार वर्षांच्याही पुढे. ओंडक्यांचा एक कपचासुद्धा खिशात घालायला तिथे मनाई आहे.

आता थोडं घरचं. गडचिरोलीतल्या सिरोंचा तालुक्यात वडधमला असेच दगड झालेले वृक्ष आहेत. वयानं नामिबियातल्यांपेक्षा लहान, पण ते याच गोंडवनातले. आपल्यातल्या किती जणांनी ते पाहिलेत? विंडहोकचं तिकीट काढाल तेव्हा काढा. त्याआधी एकदा सिरोंच्याची एसटी धरा.