69 किलोज्यूलचा हिशेब

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर आणि धुळे-सोलापूर महामार्गावरचे उसाचे ट्रॅक्टर चुकवत वडीगोद्रीला पोहोचलेल्या प्राध्यापक-विद्यार्थी मित्रांनो, स्वागत समितीच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत.

ऊष्मागतिकीच्या आकडेवारीवर परिषद, अन् ती अंबड तालुक्यात? असे काहींनी विचारले. का नसावी? जालन्याच्या भट्ट्यांत भंगाराचे पोलाद होते. टनभर लोखंड वितळवून 1600 अंशांवर न्यायला तक्त्यांनुसार साधारण 380 युनिट वीज पुरते. बिल त्याहून जेवढे चढेल, तेवढी उष्णता वाया. उद्योजकाला हे शिकवावे लागत नाही.

पण मी उसाच्या पट्ट्यातला माणूस, तेव्हा आसवनीबद्दल बोलतो. मळीतल्या साखरेचे इथेनॉल होताना टाकी तापते. किती, ते 1840 साली हेस यांनी दाखवलेल्या वाटेने काढता येते. एक मोल ग्लुकोज जाळले तर 2803 किलोज्यूल. त्यापासून होणारे दोन मोल इथेनॉल जाळले तर 2734. उरले 69. लिटरभर इथेनॉलमागे ही उष्णता 14 लिटर पाणी 10 अंशांनी तापवील. एप्रिलात आपल्याकडचे पाणी आधीच कोमट आणि यीस्टला फार उष्णता सोसत नाही. टाकी गार ठेवण्याची सोय या 69 वर बेतावी लागते.

आता ग्लुकोजचा आकडा एकच टक्का चुकवून पाहा. 28 किलोज्यूल इकडचे तिकडे, म्हणजे उत्तरात 40 टक्क्यांची चूक! फ्रेडरिक रोसिनी यांनी 1930 च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये इथेनॉल एवढे जपून का जाळले, ते यावरून कळते. त्याच संस्थेचे आजचे रूप म्हणजे निस्ट. तिचे वेबबुक फोनवर उघडते. एकाच पदार्थापुढे निरनिराळ्या वर्षांची मापने, मूळ निबंधांच्या हवाल्यांसह. आमची मुले पहिला आकडा उचलतात आणि मोकळी होतात. इथेनॉल द्रव की वायू, तेही पाहत नाहीत. दोहोंत मोलमागे सुमारे 42 किलोज्यूलचा फरक, दोन मोलांचे झाले 84. म्हणजे कागदावर टाकी तापायची सोडून गारच पडते!

निबंध वाचणाऱ्यांना म्हणून एकच विनंती: आकडा सांगाल तेव्हा अवस्था, तापमान आणि तो कुणी मोजला, तेही सांगा. वेळ गेला तरी चालेल, जेवण थांबेल. मोसंबीचा रस मात्र आधी मिळेल. जालन्यात आलात, तो चुकवू नका. पुन्हा एकदा सर्वांचे स्वागत करतो आणि अध्यक्षांना सूत्रे हाती घेण्याची विनंती करतो.