पंजाबची मागणी
(वार्षिक संमेलनातील भाषण)



संत नामदेवांची पदे ज्यांच्या ग्रंथसाहिबात आहेत आणि ज्यांच्या दहाव्या गुरूंनी १७०८ साली नांदेडला देह ठेविला, त्या शीख समाजाची राजकीय आकांक्षा आपण समजून घेतली पाहिजे.

गुरुद्वारांच्या मुक्तीच्या चळवळीतून १९२० साली अकाली दल उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर त्याने पंजाबी भाषेचे राज्य मागितले. आपले राज्य १९६० साली झाले. पंजाबला १ नोव्हेंबर १९६६ पर्यंत थांबावे लागले. तरीही चंदीगड केंद्रशासित राहिले व नद्यांच्या पाण्याचा तंटा उरला. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, चलन आणि दळणवळण एवढेच केंद्राकडे असावे, असा ठराव १९७३ साली आनंदपूर साहिब येथे झाला.

हा ठराव सर्वांस मान्य होणे शक्य नव्हते. परंतु राज्यास अधिकार मागणे वेगळे आणि देशातून फुटणे वेगळे. हा विवेक दोन्हीकडून सुटला, की शस्त्रधाऱ्यांचे फावते. १९८४ सालची दुःखे आपणांस विदित आहेत.

२४ जुलै १९८५ रोजी राजीव गांधी व संत हरचंदसिंग लोंगोवाल यांनी करार केला. महिन्याच्या आत लोंगोवालांची हत्या झाली. २६ जानेवारी १९८६ रोजी चंदीगड पंजाबला मिळावयाचे होते. ते अद्यापि दोन राज्यांची राजधानी आहे.

बंधूंनो, समेट करणाऱ्याचे बळ दिलेल्या शब्दात असते. तो शब्द वेळेवर पाळला नाही, तर समेटाची भाषा बोलण्यास पुढे कोण येणार?