चाकाला दगड लावला का?

मी माण तालुक्यातल्या एका बचत गटातली. आमच्या गटाचा एक टेम्पो आहे, छोटा हत्ती म्हणतात तो. कर्ज काढून जुनाच घेतला. गटातल्या आम्ही तिघी तो चालवायला शिकलो, लायसन काढलं आणि आता कांदा, डाळिंब, पापड, शेवया जे असेल ते घेऊन साताऱ्याला जातो. आज मी तुम्हाला पंक्चर झालेलं चाक कसं बदलायचं ते सांगणार आहे.

चाक बदलायला जोर लागतो, ते बाईचं काम नाही, असं मला पुष्कळांनी सांगितलं. जोर फारसा लागत नाही, तो कसा लागत नाही तेही सांगते. पण आधी माझी चूक सांगते, कारण तिची किंमत मी नाही, माझ्या धाकट्या जावेनं मोजली.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. कांदा भरून आम्ही दोघी पहाटे निघालो. गाडीच्या कागदावर पाऊण टनाचं वजन. म्हणजे पन्नास किलोची १५ पोती. आम्ही २० भरली, कारण दुसरी खेप नको होती. पुसेगाव सोडलं आणि वर्धनगडचा घाट चढायला लागलो तशी गाडी मागून डावीकडं ओढायला लागली. उतरून बघितलं तर मागचं डावं चाक पार बसलेलं. थोडं पुढं सपाट जागा होती, मला ठाऊक होती. पण पंक्चर टायरवर गाडी चालवली की रिम खराब होते, हे ऐकलेलं. म्हणून तिथंच, चढावर, कडेला घेतली. हँडब्रेक ओढला, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. आता कुठं हलतीय, असं वाटलं. जॅक लावला, चाक काढलं. जाऊ स्टेपनी दोन्ही हातांनी खालून उचलून बोल्टवर बसवायला गेली आणि गाडी मागं सरकली. फार नाही, वीतभर असेल. पण तेवढ्यानं जॅक आडवा झाला, गाडी खाली आदळली आणि स्टेपनी तिच्या हातावर पडली. उजव्या हाताचं मधलं बोट रिम आणि डांबर यांच्यामध्ये. बोटाचं पेर गेलं. ती शिवणकाम करते. तीन महिने मशीन झाकून ठेवलेलं होतं.

गिअरमध्ये होती तर सरकली कशी, हे मी नंतर मिस्त्रीकाकांना विचारलं. त्यांनी गॅरेजात गाडीची मागची बाजू उचलून मला दाखवलं, तेव्हा कळलं. अशा गाडीत इंजिनची ताकद मागच्या दोन चाकांना जाते आणि त्या दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल असतं. वळणावर एक चाक जास्त फिरावं, एक कमी फिरावं, यासाठी ती सोय. त्यामुळं मागचं एक चाक हवेत उचललं, की हवेतलं चाक उलटं मोकळं फिरतं आणि जमिनीवरचंही फिरू शकतं. गिअर दोघांपैकी कुणालाच धरून ठेवत नाही. गाडी धरून ठेवतो तो एकटा हँडब्रेक, आणि तोही जमिनीवर राहिलेल्या एका चाकापुरता. आमच्या हँडब्रेकची वायर ढिली झाली होती. ओढला की वर यायचा, म्हणून मी धरून चालले होते की लागतोय.

म्हणून, बायांनो, आधी दगड. गाडीला जॅक लावायच्या आधी जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दगड लावायचा. मागचं डावं चाक काढायचं असेल तर उजव्या बाजूच्या चाकांना लावा. गाडी चढावर तोंड करून असेल तर चाकाच्या मागं, उतारावर असेल तर पुढं, आणि सपाटीवर दोन्हीकडं. गोल गुळगुळीत दगड नको, चाक त्याच्यावर चढतं. चपटा, कोनाचा बघा. आम्ही सुताराकडून लाकडाचे दोन तिरके ठोकळे करून घेतलेत, सीटच्या मागं ठेवतो. घाटात मनासारखा दगड मिळेलच असं नाही.

दुसरी गोष्ट जागेची. चाक बसलंय असं कळलं की ब्रेकवर उभं राहू नका. स्टिअरिंग घट्ट धरा, गाडी आपोआप हळू होऊ द्या, आणि सपाट, टणक, रस्त्यापासून लांबची जागा मिळेपर्यंत बैलगाडीच्या चालीनं न्या. वळणावर थांबू नका, पुलावर थांबू नका. रिम खराब झाली तर पैसे जातील. मी रिमचे पैसे वाचवायला गेले, त्याचं काय झालं ते आत्ताच सांगितलं.

थांबलात की चारी इंडिकेटर लावा. पोरंबाळं, म्हातारी माणसं असतील तर सगळ्यांना खाली उतरवून रस्त्यापासून आत बसवा, गाडीच्या मागं नाही. लाल त्रिकोण असतो, तो गाडीच्या मागं पन्नास-साठ पावलांवर ठेवा. वळण असेल तर वळणाच्याही अलीकडं, म्हणजे येणाऱ्याला वळायच्या आधी दिसेल. त्रिकोण नसेल तर झाडाची फांदी टाका, पण निघताना ती उचला. आपण निघून जातो आणि रात्री मोटारसायकलवाला तिच्यावर पडतो. चाक रस्त्याच्या बाजूचं असेल आणि गाड्या जोरात जात असतील तर हात लावू नका, मदत बोलवा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ नंबर आहे, एरवी ११२, आणि कुणाला लागलं असेल तर १०८. हे नंबर गाडीत आतून चिकटवून ठेवा.

आता कामाला लागू. पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, बांगड्या काढल्या तर उत्तम. पायात सपाता असतील तर सांभाळून, आम्ही गाडीत एक जुना बूट ठेवतो. गाडीत जड माल असेल तर उतरवा. कंटाळा येतो, मलाही येतो, पण जॅक भरल्या गाडीसाठी नसतो.

नट ढिले करायचे ते गाडी जमिनीवर असतानाच. जॅकवर उचलल्यावर पान्याला झटके दिले की गाडी हलते. आणि इथंच तो जोराचा प्रश्न येतो. पाना नटावर असा बसवा, की त्याचा दांडा तुमच्या डाव्या हाताला आडवा राहील. मग गाडीला हातानं धरा आणि दांड्याच्या टोकावर पाय ठेवून हळूहळू वजन टाका. हातानं नाही, पायानं. आपलं पन्नास-पंचावन्न किलोचं वजन दांड्याच्या टोकावर आलं की भले भले नट बोलतात. पाना नीट खोल बसलाय का ते आधी बघा, आणि उड्या मारू नका, सटकला तर नडगी फुटते. नट फक्त अर्धा-पाऊण फेरा सैल करा, काढू नका.

मग जॅक. तो कुठं लावायचा हे गाडीच्या पुस्तकात चित्र काढून दिलेलं असतं. पुस्तक नसेल तर मिस्त्रीकडून एकदा जागा दाखवून घ्या आणि तिथं रंगाचा ठिपका द्या. पातळ पत्र्याला लावला तर पत्रा वाकतो आणि जॅक निसटतो. जमीन भुसभुशीत असेल तर जॅकखाली जाड फळी घ्या. वीट घेऊ नका. वीट वजनानं फुटते आणि ती फुटायच्या आधी सांगत नाही.

थोडी उचलली की थांबा. स्टेपनी आणा आणि गाडीच्या खाली, जॅकच्या जवळ, आडवी सरकवून ठेवा. जॅक दगा देऊन पडला तर गाडी स्टेपनीवर टेकेल, तुमच्या हातावर नाही. मग चाक जमिनीपासून चार बोटं सुटेपर्यंत उचला, नट काढा, पदराला न बांधता एका डब्यात ठेवा. पंक्चर चाक बाहेर ओढलं की ते गाडीखाली सारा आणि स्टेपनी बाहेर घ्या. गाडीखाली कायम एक चाक पाहिजे. आणि जॅकवरच्या गाडीखाली डोकं, हात, पाय काही घालायचं नाही. नट गाडीखाली घरंगळत गेला तर काठीनं ओढा.

चाक चढवताना आमच्या जावेसारखं खालून उचलू नका. चाकाच्या दोन्ही बाजूंना, मध्यावर धरा. उचलत नसेल तर टायरखाली टॉमी किंवा पान्याचा दांडा सरकवा आणि तरफेसारखं उचला, बोल्टवर आपसूक बसतं. नटाची निमुळती बाजू आत, चाकाकडं. नट हातानं फिरवून लावा, तेल-ग्रीस काही लावू नका. मग गाडी खाली घ्या आणि जमिनीवर आल्यावर पक्के करा. आता पान्याचा दांडा उजव्या हाताला आणि दाब खाली. एक नट झाला की शेजारचा नाही, समोरचा. पाच असतील तर एक सोडून एक, चांदणी काढतो तसं. एका बाजूनं आवळत गेलं तर चाक तिरकं बसतं आणि वाटेत नट सैल होतात. पन्नास एक किलोमीटर गेल्यावर थांबून सगळे नट पुन्हा एकदा आवळून बघा. हे बरेच जण करत नाहीत, जुने ड्रायव्हर मात्र करतात.

पंक्चर चाक त्याच दिवशी दुरुस्त करा. स्टेपनीत हवाच नाही, असा प्रसंग आमच्या शेजारच्या गटावर आला होता. सगळं व्यवस्थित केलं, चाक खाली टेकलं आणि तेही बसलं. स्टेपनीची हवा कुणी बघतच नाही, कारण ती दिसत नाही.

आमच्या गटात आता एक नियम आहे. महिन्याच्या बैठकीला टेम्पो दारात उभा करायचा आणि हिशोबाच्या आधी गाडी बघायची. पाचही चाकांची हवा, थंड असताना. किती पौंड ते दाराच्या आतल्या पट्टीवर किंवा पुस्तकात असतं, मालाच्या गाडीत मागच्या चाकांना बहुधा जास्त लागते. टायरच्या खाचांत मध्ये मध्ये बारीक उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला, म्हणजे १.६ मिलिमीटर खोली उरली, की तो बदलायचा. गोटा झालेला टायर पावसात धरत नाही. जुना टायर विकत घेताना त्याच्या बाजूला कोरलेले चार आकडे वाचा. २३१६ असेल तर तो २०१६ सालच्या २३ व्या आठवड्यातला. आम्हाला असाच एक टायर "नवाच आहे, बघा दात कसे" म्हणून गळ्यात मारला होता. दात होते, पण रबर वाळून भेगाळलं होतं. घाटात बसला तो हाच.

इंजिन ऑइल बघताना गाडी सपाटीवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी. पट्टी काढा, पुसा, पुन्हा घाला, काढा. दोन खुणांच्या मध्ये ऑइल पाहिजे. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडू नका, कुकरचं झाकण वाफ असताना उघडल्यासारखं होईल. ब्रेक ऑइल कमी होत असेल तर नुसतं ओतून गप्प बसू नका, मिस्त्रीला दाखवा. उंदरांनी वायर कुरतडल्यात का, तेही बघा. कांदा-धान्याची गाडी, उंदीर येणारच. आणि हँडब्रेक. थोड्या उतारावर गाडी उभी करायची, हँडब्रेक ओढायचा, गिअर काढून पाय ब्रेकवरून हळूच उचलायचा. सरकली तर त्याच दिवशी वायर आवळून घ्यायची. हे करताना गाडीच्या पुढं-मागं कुणी उभं राहायचं नाही.

तुमच्यातल्या पुष्कळ जणी स्कूटी चालवतात. तिला स्टेपनी नसते. तिची हवा आठवड्याला बघा, दोन्ही ब्रेक बघा, ओढणी मागच्या चाकात जाणार नाही अशी बांधा. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला असेल तर तो रस्त्यात उपटू नका. खिळा आहे तोवर हवा हळू जाते, दुकानापर्यंत बऱ्याचदा पोचता येतं.

जावेचं बोट बरं झालं, पेर नाही. ती आता गाडीही चालवते आणि मशीनही. हे सगळं रेडिओवर सांग, असं तिनंच मला सांगितलं, माझ्या चुकीसकट. आम्ही दोघींनी मिळून चाक बदलायला पहिल्यांदा घड्याळ लावलं तेव्हा ५५ मिनिटं लागली होती, आता पंचवीसच्या आत होतं. कुठल्या गटाला शिकायचं असेल तर आधी सपाट अंगणात, दिवसा, रिकाम्या गाडीवर करून बघा. निदान नट सुटतात का, एवढं तरी. गॅरेजात मशीननं इतके आवळलेले असतात की ते पहिल्यांदा घरीच सोडवलेले बरे.