बागेतील मित्र : ढालकिडा



या व्यासपीठावर मोठमोठ्या माणसांची चरित्रे आपण ऐकता. आज मी मात्र वाटाण्याहूनही लहान अशा एका प्राण्याची बाजू मांडायला उभा आहे. त्याचे नाव ढालकिडा. उपड्या वाटीसारखी पाठ, रंग तांबडा किंवा नारिंगी, वर काळे ठिपके अथवा नागमोडी पट्टे. मुले त्याला तळहातावर खेळवतात. पण बागेतील त्याची कामगिरी थोड्यांनाच ठाऊक असते.

गुलाबाच्या कळीवर किंवा वालाच्या शेंड्यावर माव्याची दाटी आपण पाहिलीच असेल. माव्याची मादी नराविना थेट पिल्ले घालते, त्यामुळे पाहता पाहता शेंडा माखून जातो. हा मावा ढालकिड्याचे मुख्य अन्न होय. मादी आपली पिवळी, उभट अंडी माव्याजवळच पुंजक्याने घालते; तीन-चार दिवसांत अळ्या बाहेर पडतात आणि लगेच माव्यावर तुटून पडतात.

या अळीची ओळख मात्र नीट करून घ्यायला हवी. ती आईबापांसारखी मुळीच दिसत नाही. काळपट, नारिंगी ठिपक्यांची, शेपटीकडे निमुळती. जणू मगरीचे इवलेसे पिल्लू! तिचे रूप पाहून माळीबुवा तिला चिरडतात आणि रक्षकच मारला जातो. उलट, याच कुळातील एक भाऊबंद खरोखर उपद्रवी आहे. तो वांग्याची पाने खरवडून त्यांची चाळण करतो. त्याची पाठ चकचकीत नसून बारीक लव असलेली, मळकट असते आणि त्याची अळी पिवळी, काटेरी असते. एवढी खूण ध्यानात ठेवली, म्हणजे एकाच्या पापाची शिक्षा दुसऱ्याला होणार नाही.

या किड्याचे सामर्थ्य केवढे, हे कॅलिफोर्नियाच्या संत्रा-लिंबांच्या बागांनी पाहिले. ऑस्ट्रेलियातून आलेल्या, कापसासारखे पांढरे पुंजके करणाऱ्या खवलेकिडीने त्या बागा बुडायच्या बेतात आल्या होत्या. तेव्हा आल्बर्ट कोबेल या कीटकशास्त्रज्ञाने १८८८-८९ साली ऑस्ट्रेलियातूनच व्हेडालिया नावाचे ढालकिडे पाठविले. ते सारे मिळून अवघे पाचशेच्या आसपास होते. पण वर्ष-दीड वर्षात बागा सावरल्या. पुढे निलगिरीतील वॅटलच्या झाडांवर तीच कीड आली, तेव्हा १९३० च्या सुमारास हा किडा आपल्याकडेही आणण्यात आला.

परंतु कथेचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियाच्या त्या बागांत डी.डी.टी. फवारले गेले. ढालकिडे मेले आणि खवलेकिडीने पुन्हा डोके वर काढले. विष शत्रू आणि मित्र असा भेद करीत नाही. शिवाय मावा झपाट्याने वाढतो, ढालकिडा सावकाश. म्हणून फवारणीनंतर आधी परततो तो शत्रूच.

मग आपण काय करावे? पाहुणा यावा असे वाटत असेल, तर घरात शिधा हवा. मावा नसेल तेव्हा ढालकिडा फुलांतील पराग आणि मध यांवर दिवस काढतो. म्हणून कोथिंबीर, शेपू, बडीशेप, मोहरी यांची चार रोपे उपटू नका, फुलू द्या. कुंपणाशी मक्याची एखादी ओळ लावा. चवळी तर दुहेरी उपयोगाची. तिच्यावर मावा येतो आणि फुलांबाहेरील ग्रंथींतून मधुर रसही पाझरतो. मुंग्यांची रांग दिसली तर तिला अटकाव करा, कारण माव्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्याला हुसकावतात. मावा फारच माजला, तर प्रथम नुसत्या पाण्याची जोरदार धार मारून पाहा.

आणि मुख्य म्हणजे, थोडा मावा राहू द्या. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. पण शत्रू समूळ नाहीसा केला, तर मित्र उपाशी मरतो, आणि पुढच्या वेळी शत्रू येतो तेव्हा दारात कोणी पहारेकरी नसतो. बागेत एकही कीड दिसू नये, हा हट्ट म्हणजे निरोगीपणा नव्हे. उद्या सकाळी गुलाबावर मावा दिसला, तर औषधाच्या बाटलीकडे हात जाण्यापूर्वी पान उलटून पाहा. तेथे पिवळ्या अंड्यांचा पुंजका असेल, तर चार दिवस धीर धरा. मदत वाटेवर आहे.